लेखकाची हजेरी

लेखकांनीं ठराविक दिवशीं एकत्र जमावें, गेल्या खेपेपासून काय लिहिलें तें एकमेकांस दाखवावें, आणि कांहींच लिहिलें नसल्यास तसें सर्वांसमक्ष कबूल करावें, या पद्धतीची पुष्कळ थट्टा होत असलेली आम्ही पाहतों. प्रतिभा म्हणजे कांहीं शाळेंतलें पोर नव्हे, कीं तिची हजेरी घ्यावी, असा या थट्टेचा मथितार्थ. थट्टा करणारांत आमचे कांहीं स्नेही आहेत व त्यांतले एकदोघे खरोखरच प्रतिभावान् आहेत. तथापि त्यांचें म्हणणें आम्हांस साफ चुकीचें, किंबहुना घातक वाटतें.

हा युक्तिवाद नवा नाहीं. १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ निघालें तेव्हांही तो ऐकूं आला होता. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. व मनोरमाबाई रानडे प्रभृति मंडळी चहाच्या निमित्तानें जमत आणि आपापल्या रचना एकमेकांस वाचून दाखवीत. लोकांनीं त्यांना परस्परस्तुतीचा दोष दिला. अत्र्यांनीं तर त्यांच्या गळ्यांत झेंडूच्या फुलांची माळच घातली. ती थट्टा मोठी खुमासदार होती, आणि तींत तथ्यही होतें. कांहीं विषय व कांहीं लकबी त्या मंडळांत सांथीप्रमाणें पसरल्या, हें कोण नाकारील? परंतु माधव ज्यूलियनांची गझल आणि गिरीशांचें खंडकाव्य एका सांच्यांतून निघालें, असें म्हणण्याचें धाडस त्यांच्या वैऱ्यानेंही केलें नसतें. शिवाय हीं माणसें बहुतेक नोकरीपेशाचीं. आठवडाभर शाळा-कचेऱ्यांत राबणाऱ्या माणसाला कवितेची आठवण कोणी तरी करून द्यावी लागते.

संगतीनें स्वत्व लोपतें ही भीति ज्यांना फारच ग्रासते, त्यांनीं आपल्यासारख्याच अध्यापकांच्या एका दुसऱ्या मंडळाकडे पाहावें. ऑक्सफर्ड येथें सी. एस. लुईस यांच्या मॉडलिन कॉलेजांतील खोल्यांत 'इंक्लिंग्ज' नांवाची मित्रमंडळी गुरुवारीं रात्रीं जमे व प्रत्येकजण आपलें अपुरें लेखन वाची. टॉल्किन यांनीं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ग्रंथ १९३७ च्या अखेरीस लिहावयास घेतला. तो छापून निघाला १९५४-५५ सालीं. मध्यंतरींच्या काळांत लेखणी वारंवार अडे. मंडळींपैकीं एकाला त्या कथेचा इतका कंटाळा, कीं तो तसें तोंडावर बोलून दाखवी. लुईस मात्र पुढचें प्रकरण मागत राहिले, आणि त्यांच्या त्या मागणीवांचून ग्रंथ तडीस गेला नसता, हें टॉल्किन यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. मौज अशी, कीं टॉल्किनवर कोणाचाही प्रभाव पडणें अशक्य, असें लुईस यांचें मत होतें! म्हणजे ग्रंथाचें स्वरूप बदललें नाहीं. ग्रंथ पुरा झाला, इतकेंच.

यावर असें म्हणतात, कीं हें काम संपादक करितोच. हरिभाऊ आपट्यांच्या मागें 'करमणूक'चा आठवड्याचा अंक उभा असे, म्हणूनच 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः वाचकांच्या हातीं पडली. मान्य. पण ज्याच्या लेखनाची कोणताही संपादक वाट पाहत नाहीं, त्यानें काय करावें?

आमच्याच कॉलेजांत इतिहास शिकविणारे एक स्नेही होते. आपल्या तालुक्यांतील जुन्या वतनदार घराण्यांच्या कागदपत्रांवरून ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यासाठीं ते मोडी शिकले. उन्हाळ्याच्या सुट्या गांवोगांवचे रुमाल उतरून घेण्यांत घालविल्या. बावीस वर्षें ते अध्यापकांच्या खोलींत आमच्या शेजारीं बसत. उत्तरपत्रिका, बदल्या, आंब्याचे भाव, सर्व विषय निघत. ग्रंथाचीं किती पानें झालीं, हें आम्हीं एकदांही विचारलें नाहीं. विचारणें बेअदबीचें वाटे. निबंध न आणणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही बिनदिक्कत उभें करितों. बरोबरीच्या माणसाशीं मात्र भीड आड येते, आणि या भिडेला आपण सौजन्य म्हणतों. चार वर्षांपूर्वीं ते अकस्मात् वारले. त्यांच्या पत्नीनें आम्हांस बोलावून दोन पेट्या स्वाधीन केल्या. नकला सुबक होत्या. पहिलें प्रकरण नऊ वेळां लिहिलेलें होतें. दुसऱ्याचा केवळ मथळा. त्या कागदांना जोडणारा धागा त्यांच्या डोक्यांत होता, आणि तो आतां कोणासही सांपडणार नाहीं. पेट्या आमच्या माळ्यावर आहेत.

त्या सालच्या दिवाळीनंतर आम्हीं पांच जणांनीं एक वही घातली. एक रविवार आड जमावयाचें, प्रत्येकानें चार पानें आणावयाचीं. आधीं वहींत पानांचा आंकडा मांडावयाचा. गुणदोषांची चर्चा मागाहून, आणि वेळ उरल्यास. पानें न आणणाराचें कारण ऐकावयाचें नाहीं. नांवापुढें शून्य मांडून त्याला चहा द्यावयाचा. नियम बालिश आहे खरा. पण आमच्यांतील एका निवृत्त इंजिनियराच्या नांवापुढें लागोपाठ तीन शून्यें पडलीं, तेव्हां त्याच संध्याकाळीं आम्ही दोघे त्याच्या घरीं गेलों. पत्नीच्या आजारपणांत तो एकटा रात्रीं जागत होता. कोणास कळविलें नव्हतें. वही नसती तर आम्हांसही कळलें नसतें. पुढें पाळीपाळीनें आम्ही इस्पितळांत बसलों, आणि पुढल्या महिन्यांत गृहस्थ अकरा पानें घेऊन सकाळीं सात वाजतां दारांत हजर!

अशीं मंडळें बिघडत नाहींत असें नाहीं. पानें मोजण्याऐवजीं एकमेकांचीं पुस्तकें गौरवूं लागलीं, कीं तीं टोळ्या बनतात. मग त्यांची खुशाल थट्टा करावी, आम्हीही तींत सामील होऊं. परंतु एकांताचें स्तोत्र गाणारांनीं एकदां आमच्या माळ्यावर येऊन जावें. एकांत आमच्या स्नेह्यांनाही बावीस वर्षें भरपूर मिळाला होता.

येत्या रविवारीं आमची पाळी आहे आणि अडीचच पानें झालीं आहेत. प्रस्तुत लेख त्यांत धरावा, असें आम्हीं सुचवून पाहिलें. मंडळांतील डॉक्टरीणबाईंनीं, ज्यांच्याकडे वही असते, तें साफ नाकारलें.