आधी पूर्वपक्ष, मग उत्तर

श्रावणी सोमवार आला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पिंडीवर ओतल्या जाणाऱ्या दुधाचा वाद पेटतो. कुणीतरी उपाशी मुलाचा फोटो टाकतं. ‘आमच्याच सणांना असे प्रश्न का सुचतात?’ असं उत्तर येतं. तिसरा ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हणून हात जोडतो आणि ॲडमिन धर्मावर बोलायलाच बंदी घालतो. भांडणाऱ्या दोघांना सगळे नावं ठेवतात. माझा आक्षेप हात जोडणाऱ्यावर आणि ॲडमिनवर अधिक आहे.

धर्म हा वादाचा विषयच नव्हे, हे आपल्याकडे कधी खरं होतं? १८५७ साली जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी मुंबईच्या समुद्रकिनारी भर गर्दीत वाद घालत होते. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचा वृत्तांत छापला. पुढे मराठीतही पुस्तक निघालं. दोन्ही पक्ष आपापल्या मतावर ठाम राहिले. पण प्रतिपक्षी समोर उभा होता, त्यामुळे त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यावं लागत होतं.

‘सगळे धर्म शेवटी एकच’ हेही मला पटत नाही. ईश्वर देह धरून क्रुसावर गेला, असं ख्रिस्ती मानतो. ईश्वर देह धरतच नाही, असं मुसलमान मानतो. जैनांना तर जगाचा कर्ता ईश्वरच मान्य नाही. या तिघांना ‘एकच’ म्हणून मोकळं होणारा माणूस उदार दिसतो, पण त्याने तिघांपैकी एकाचंही ऐकलेलं नसतं.

मग खुलं मन कशाला म्हणायचं? माधवाचार्यांच्या नावावर असलेला चौदाव्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’ पाहा. लिहिणारा अद्वैती, आणि ग्रंथाचा आरंभ चार्वाकापासून! वेद न मानणाऱ्याची बाजू तिथे आधी सविस्तर येते, खंडन नंतर. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज जवळपास हाती नाहीत. त्यांचं म्हणणं आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातूनच कळतं. त्यात थोडंफार तिरकंही झालं असेल. तरीही ज्याला खोडायचं त्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आधी नीट मांडायचं, ही शिस्त आपल्या शास्त्रकारांनी पाळली.

दुधाच्या वादाला हीच शिस्त लावावी. आक्षेप घेणाऱ्याने आधी लिहावं: भक्त दूध उरलं म्हणून ओतत नाही, जे मोलाचं तेच देवाला द्यायचं, असा त्याचा भाव असतो. भक्ताने लिहावं: यांचा राग देवावर नाही, पोटाला न मिळालेल्या घासासाठी आहे. ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं समोरचा म्हणाला, की मग खुशाल खंडन करावं, अगदी कडक शब्दांत.

असं ऐकून घेतलं तर अघोरी प्रथांनाही मान डोलवावी लागेल, अशी भीती काहींना वाटते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यांनी वाचावा. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. देवाधर्माला आपला विरोध नाही, शोषणाला आहे, हे ते सतत सांगत आले. काही वारकरी संघटनांनी हरकती घेतल्या, मसुदा पुन्हा पुन्हा बदलला. शेवटी झालेल्या कायद्यात नरबळी देणाऱ्याला शिक्षा आहे. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन आणि भजन यांना तो लागू होत नाही, असं त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे.