खगोल प्रश्नमंजूषा हॉलमध्ये नको, मैदानात घ्या

आपल्या तालुक्यात डिसेंबरमध्ये आंतरशालेय खगोल प्रश्नमंजूषा घ्यायचं चाललंय. चांगलंच आहे. पण मंडळी, परत तेच "शनीला चंद्र किती?" नको. तो आकडा दर थोड्या वर्षांनी बदलतो, आणि गाइड पाठ केलेली पोरं बझर दाबून मोकळी होतात. आकाशाकडे कुणी बघतच नाही.

त्यापेक्षा हे विचारा. ७-८ जूनला मृग लागतो, पेरणीची धांदल उडते. मग तेव्हा मृग नक्षत्र रात्री दिसत का नाही? कारण त्या दिवसांत सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो. मृग कधी लागतो हे शेतकऱ्याच्या पोराला घरीच कळलेलं असतं, पुढचं तो डोकं चालवून काढेल. डिसेंबरात रात्री नऊला तोच मृग पूर्वेला ठसठशीत दिसतो. किंवा हात लांब करून मूठ धरायला सांगा, ती साधारण १० अंशांची. ध्रुवतारा क्षितिजापासून किती मुठी वर? आपल्याकडे जवळपास दोन, कारण आपला अक्षांशच तेवढा. याला ना टॅब लागतो ना क्लास.

म्हणून अर्धे गुण आकाशाखालच्या फेरीला ठेवा. अमावास्येच्या आसपास, एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात. तालुक्याच्या गावी हायमास्टखाली काय दिसणार, कपाळ!

अडचण खरी आहे ती वेगळीच: रात्री परतायला एसटी नाही, आणि मुलींना घरचे पाठवत नाहीत. तेव्हा ट्रॉफ्या, शाली, फ्लेक्सचे पैसे जीपला लावा, पालकांनाही बोलवा. खिचडीचा खर्च माझ्याकडे. जीप कोण देतंय, बोला.