‘आपसात मिटवा’ म्हणजे काय?

गेल्या तीन तारखांना मामलेदार कचेरीत एकच शब्द कानावर पडला : सामोपचार. जमीन परत मिळण्याच्या अर्जांची सुनावणी. सावकाराचा वकील म्हणाला, सामोपचारानं घ्या. सर्कल म्हणाला, आपसात मिटवा, कशाला हेलपाटे घालता. बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्या साथीनं आम्हाला विचारलं, “ह्या सामोपचारात आपल्याला काय मिळनार?”

साम म्हणजे गोडीनं समजावणं. साम, दाम, दंड, भेद ह्यातला तो पहिला. ज्याच्या हातात पुढचे तीनही आहेत तो सामाची भाषा बोलतो, तेव्हा बाकीचे तिघं दाराबाहेर उभे असतात.

भांडण टाळणं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. आपल्यातही बांधावरून, गुरं पिकात शिरल्यावरून वाद होतात. पंच बसतात, दोघांचं ऐकतात, दंड ठरतो, दोघं एका जागी जेवून उठतात. उद्या एकमेकांच्या लावणीला जायचं असतं. ते खरं मिटणं. (पंचांत बायांचं कोणी ऐकत नाही, त्यावर वेगळं लिहू.)

सावकाराशी असं होतं का? जमीन त्याच्या ताब्यात, पीक त्याच्या खळ्यात. दोन पोती भात पुढं करून कोऱ्या स्टॅंपावर अंगठा मागतात आणि त्याला समजुतीचा कागद म्हणतात. आपण नांगर घेऊन गेलो की शांतताभंग, चॅप्टर केस. तो कसतो तेव्हा मात्र शांतता असते!

१ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात बिगर-आदिवासीकडे गेलेल्या जमिनींसाठी परत देण्याचा कायदा आहे. त्यानंतरच्या व्यवहाराला महसूल कायद्याचं ३६-अ कलम आहे. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देता येत नाही, कागद आपसातला असला तरी. मग अंगठा कशाला हवा? अर्जदारानं राजीखुशीनं अर्ज मागे घेतला, असं दाखवायला.

बैठकीत ठरलं ते असं. मिटवायला बोलावलं तर एकट्यानं जायचं नाही. बोलणं गावात, सगळ्यांसमोर. आपला पहिला प्रश्न : ताबा कधी देता? कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही. ज्यांनी आधीच दिला त्यांनी लाजून घरी बसू नये. पुढच्या तारखेला यावं, सात-बारा आणि फेरफाराची नक्कल सोबत आणावी.