बांधावरचा शिंपी

पिंपळनेरला पांझरेच्या काठानं शिवारात शिरलं की झुडपातून 'टुविट-टुविट' असा ठसठशीत आवाज येतो. वजन जेमतेम सहा ते दहा ग्रॅम, आणि आवाज केवढा! हा शिंपी पक्षी. रुंद पानांच्या कडांना चोचीनं भोकं पाडायची, त्यांतून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओवायचा आणि त्या पिशवीत घरटं मांडायचं. खानदेशात कापसाला काय तोटा म्हणा!

याच्या कुळातले बहुतेक पक्षी आफ्रिकेतले. टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत एक लांब चोचीचा शिंपी आहे. चहामळ्यांनी तिथल्या जंगलाचे तुकडे केले आणि तो दुर्मिळ झाला. जगाला त्याची काळजी वाटते, ते रास्तच. आपल्या शिंप्याची कुणाला वाटत नाही, कारण तो अजून रोज दिसतो!

त्याला जंगल लागत नाही, बांधावरची झुडपं पुरतात. नेमकी तीच आपण जेसीबी लावून उपटतो. वर ऐन जून ते ऑगस्टमध्ये, पिल्लांना अळ्या-किडे भरवायच्या दिवसांत, फवारणी. शेतकऱ्यालाही पीक वाचवायचं असतं, हे खरंच. पण निदान एका बाजूचा बांध झुडपांसकट राखावा आणि तिथवर फवारा नेऊ नये. पिकावरच्या अळ्या टिपणारा हा गडी मजुरी मागत नाही.