स्मृतिभ्रंशावरील नवे इंजेक्शन : शेत विकण्याआधी

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वडिलांचा विसराळूपणा चार वर्षांपूर्वी सुरू झाला. आता ते मुलालाही ओळखत नाहीत. "डॉक्टरसाहेब, परदेशात यावर इंजेक्शन निघालंय म्हणे. एकरभर विकतो, पण ते मागवा," असे ते म्हणाले. मी नको म्हटले. का, ते वाचकांनाही सांगावेसे वाटते.

अल्झायमर रोगात मेंदूत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचत जाते. लेकानेमॅब हे औषध म्हणजे प्रयोगशाळेत बनविलेली प्रतिपिंडे. ती या प्रथिनाला चिकटतात आणि त्याचा निचरा घडवून आणतात. अमेरिकेत २०२३ साली या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. २०२४ मध्ये डोनानेमॅब हे दुसरे औषधही आले. संशोधन मोलाचे आहे, यात शंका नाही.

परंतु आकडे नीट वाचावेत. लेकानेमॅबची चाचणी सुमारे १८०० रुग्णांवर १८ महिने चालली. औषध घेणाऱ्यांचाही आजार वाढलाच. फक्त इतरांपेक्षा २७ टक्के कमी. १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. गेलेली स्मृती परत येत नाही. शिवाय हे सारे रुग्ण आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले होते. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध दिले गेले आणि ठरावीक काळाने एमआरआय करावा लागला. शंभरांत सुमारे तेरा जणांच्या मेंदूत सूज दिसली; काहींच्या मेंदूत रक्तस्रावही आढळला. अमेरिकेत या औषधाचा सुरुवातीचा वार्षिक दर होता साडेसव्वीस हजार डॉलर.

म्हणून माझे मत असे, की आजार इतका पुढे गेल्यावर या औषधासाठी जमीन विकू नये. त्या गृहस्थांना मी म्हटले, "रात्री वडिलांजवळ थांबायला माणूस ठेवा. तुमच्या पत्नीला चार वर्षांत धड झोप मिळालेली नाही."

खरा धडा वेगळाच आहे. औषध उपयोगी पडायचे तर निदान लवकर हवे, आणि आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' म्हणून वर्षे घालवतो. घरातले वडीलधारे तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागले, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर साधे, स्वस्त उपचार आहेत. ती तपासणी आपल्या तालुक्याच्या गावीही होते. तिच्यासाठी एक गुंठाही विकावा लागत नाही.