मोटारीला जागा, पथारीला नोटीससुद्धा नाही!

बाजारपेठेतील पार्किंगचा प्रश्न वाहतुकीचा म्हणून मांडला जातो. वास्तविक तो जमिनीच्या वाटपाचा प्रश्न आहे. एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. दोन मोटारींची जागा २५ चौरस मीटर, म्हणजेच २६९ चौरस फूट. झोपडपट्टी पुनर्वसनात अख्ख्या कुटुंबाला कित्येक वर्षे एवढेच घर मिळत होते! त्यासाठीही पुरावे मागितले, पात्र-अपात्रच्या याद्या लागल्या. मोटारीला कोणी पुरावा विचारला?

पार्किंगचे शुल्क जागेच्या खऱ्या मोलाला धरून असावे, असे केंद्राचे २००६ चे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणच सांगते. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले. परंतु ओरड होताच ते पाच रस्त्यांच्या प्रयोगावर आले, आणि तो प्रयोगही वर्षानुवर्षे रखडला. कारण काय, तर सामान्य माणसाला भुर्दंड! दुचाकीवर कामाला जाणाऱ्याची अडचण खरी आहे. बसचा भरवसा नाही म्हणूनच त्याने हप्त्यावर गाडी घेतली. पण त्याला पुढे करून चारचाकीवाला फुकटात सुटतो, त्याचे काय?

त्याच रस्त्यावर भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई मात्र 'अतिक्रमण' ठरते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे कलम ३(३) सांगते की, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठवता येणार नाही. प्रमाणपत्र असलेल्याला हटवायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पथारीवाल्यांच्या हाती नोटीस नसते. असते ती जप्तीची पावती, कधी तीही नसते.

शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना प्रतिनिधित्व, असे हाच कायदा म्हणतो. मग पार्किंगचे पट्टे आखताना या समितीला विचारायला नको? रस्ता एकच, पण त्याचे नकाशे दोन खात्यांत दोन!

आपल्या कार्यकर्त्यांनी पार्किंगच्या आराखड्यावर लेखी हरकत घ्यावी. एकाच नकाशावर आधी पदपथ, बसथांबा आणि विक्रीच्या जागा दाखवा, उरेल तेथे वाहने, एवढीच मागणी करावी. अर्जाची शिक्क्यासह पोच घ्यायला विसरू नये. न्यायालयात पहिल्यांदा तीच मागतात.