लुटुपुटूची कुस्ती

परवा रविवारी, पुरणपोळीचे जेवण अंगावर आल्यामुळे, आम्ही जरा आडवे झालो होतो. शेजारच्या खोलीत चिरंजीव आपल्या आजोबांना मोबाइलवर जुनी अमेरिकन कुस्ती दाखवीत होते. एकाएकी अण्णा कडाडले, “अरे, नुसते बोट लावले आणि हा चीत? ही काय कुस्ती झाली?”

आमचे अण्णा पंच्याऐंशीचे. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मान्यांच्या कुस्त्या पाहिलेले. त्यांची समजूत घालणे सोपे नव्हे. आमची डुलकी गेली ती गेलीच!

चिरंजिवांनी खुलासा केला. ती ४ जानेवारी १९९९ ची लढत होती. हल्क होगनने केव्हिन नॅशच्या छातीला एक बोट टेकविले, नॅश धाडकन पाठीवर पडला आणि अजिंक्यपद बदलले! तिकिटे काढून आलेले हजारो अटलांटाकर पाहतच राहिले. पुढल्या वर्षी त्याच संस्थेने, एका चित्रपटाचा गाजावाजा व्हावा म्हणून, डेव्हिड आर्केट नावाच्या नटाला अजिंक्यवीर केले. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू ही संस्था प्रतिस्पर्ध्याच्या घरी विकली गेली.

“पण तिथले निकाल आधीच ठरलेले असतात म्हणे,” स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या. “मग बोटाने पडला काय आणि धोबीपछाडीने पडला काय!”

प्रश्न बिनतोड होता. पण आम्ही पडलो मराठीचे मास्तर. उत्तरासाठी नाटकाकडे धावलो. १८४३ साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. सीता म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, आणि धनुष्य रामच मोडणार हे पोरालाही ठाऊक. तरी लोक रंगून गेले. मात्र रामाने धनुष्याला नुसते बोट लावून वरमाला घालून घेतली असती, तर आमचे सांगलीकर पूर्वज तडक उठून घरी गेले असते. खोट्यालाही प्रेक्षक मान डोलावतो. पण त्याला मूर्ख समजू लागलात की संपले.

अण्णा नोकरीनिमित्त मुंबईत असताना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या झुंजी पाहत. लुटुपुटूची कुस्ती अशी कुजबूज तेव्हाही होतीच. “असेना,” अण्णा म्हणतात, “दारासिंगाने उचललेला किंगकाँग काही कापसाचा नव्हता!”

एवढे बोलून अण्णा थांबले. मग हळूच म्हणाले, “अमेरिकेचे राहू दे. आपल्या गदेचे काय?”

आता मात्र आम्ही निरुत्तर झालो. १९६१ पासून चालत आलेली महाराष्ट्र केसरीची गदा! आमच्या मातीतली झुंज खरी, घाम खरा. पण संघटनांच्या भांडणापायी नोव्हेंबर २०२३ मध्ये ही स्पर्धा दोनदा झाली. फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी, धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी! २०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. चौघांनीही रक्त आटवून कुस्ती मारली; त्यांचा काय दोष? पण एका घरात दोन कर्ते झाले की दोघांचाही शब्द हलका होतो, तसेच गदेचे झाले. तिकडे खोट्या लढतीची खोटी किंमत गेली. इथे खऱ्या लढतीची खरी किंमत जाते आहे.

मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्या सांगलीतच झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा मारली. तेव्हापासून आमच्या आळीतली एक दहा वर्षांची मुलगी रोज पहाटे तालमीत जाते. परवा संध्याकाळी फराळाला आली असताना तिने अण्णांना विचारले, “आजोबा, दोन-दोन गदा असतात ना? मग मी मोठी झाले की त्यातली कुठली आणू?”

अण्णांनी तिच्या हातावर एक जादा लाडू ठेवला. उत्तर त्यांनाही सुचले नाही.